गावकीचं घड्याळ

तानूआत्याच्या हाती कुठलीही वस्तू आली की ती आधी वाजवून बघायची. बोट दुमडून पेरानं टकटक करायची आणि कान जवळ न्यायची. पातेलं असो, कलिंगड असो, नाहीतर सुतारानं बसवलेली नवी चौकट असो. रिहे गावच्या शाळेत बदली होऊन मी खोली शोधत तिच्या दारात उभा राहिलो, तेव्हा तिनं माझं नाव-गाव काहीच विचारलं नाही. माझी पत्र्याची पेटी वाजवली, क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "पुस्तकंच हायेत. ऱ्हावा."

मी राहिलो, तो आजतागायत तिथंच आहे. माझ्या खोलीच्या भिंतीला लागून गावकीच्या भांड्यांची खोली होती आणि तिची किल्ली आत्याच्या कमरेला. लग्न असो, बारसं असो, दहावं असो, रिह्यातलं कार्याचं जेवण याच भांड्यांत शिजायचं. प्रत्येक भांड्याच्या पाठीवर लाल ऑइलपेंटचा एक ठिपका होता. ठिपका असलेली वस्तू गावाची, बाकीची ज्याची त्याची, इतका साधा कायदा. मोजून न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत घासून आणायचं. आणलं की आत्या पायरीवरून एकच हुकूम सोडायची, "पालथं कर." बुडाला काजळी दिसली की भांडं परत. आमच्या सरपंचांना मी भर उन्हात टाकीपाशी कढई घासताना पाहिलं आहे. त्यांच्या खिशात कुणा मोठ्या पुढाऱ्याचा फोन वाजत होता आणि आत्या बघते आहे म्हणून ते उचलत नव्हते.

वही-बिही काही नव्हती. कुणी काय नेलं ते आत्याच्या डोक्यात असायचं आणि कुणाच्या घरी काय शिजलं ते भांडंच सांगतं, असं तिचं म्हणणं होतं. एकदा घासून लखलखीत केलेला डाव तिनं नाकाशी धरला. "हा गफूरच्या खिरीतनं आलाय. लई वेलदोडा घालतो त्यो." गफूरभाई म्हणजे आमचे किराणा दुकानदार. ते समोरच उभे होते आणि डाव कुणी नेला होता हे सांगायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

तिची मोजणी फक्त एकदाच फसली. धोंडूतात्याच्या मुलाच्या लग्नात सगळ्यात मोठ्या पातेल्याचं झाकण परत आलं नाही, असं आत्या म्हणाली. मी स्वतः आणून दिलं, असं तात्या म्हणाला. दोघंही कधी खोटं बोलत नाहीत अशी गावभर ख्याती, त्यामुळे तंटा मिटायला काही वावच उरला नाही. शेवटी तात्यानं देवळासमोर जाहीर केलं, "हिच्या खोलीतला चमचासुदिक माझ्या हाताला लागनार न्हाई." त्यानंतर बारा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. तात्याकडं कार्य निघालं की भांडी पौडहून टेम्पोतून यायची आणि टेम्पो मुद्दाम आत्याच्या दारावरून जायचा. आत्या पायरीवर बसून त्या भांड्यांचा खडखडाट ऐकायची. "पातळ पत्रा हाय," एवढंच म्हणायची.

आत्याचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली म्हणून साऱ्या गावाची आत्या झाली. भावाचा मुलगा सचिन तिच्याच हाताखाली वाढला आणि आता हिंजवडीच्या एका कंपनीत होता. रिह्याहून हिंजवडी तशी हाकेच्या अंतरावर, पण सचिन यायचा महिन्यातून दोनदा. बाकीचे दिवस तो फोनवरून काळजी करायचा. एका वर्षी भाताच्या आवणीत, रोपं लावताना, आत्याला चिखलातच भोवळ आली, तेव्हा ही काळजी फोनमध्ये मावेना. पुढच्या रविवारी तो एक मनगटी यंत्र घेऊन आला.

"आत्या, हे तुझा हार्टरेट मॉनिटर करतं. रिदम जरा इरेग्युलर झाला ना, की माझ्या फोनवर अलर्ट. तू काही करायचं नाहीस. फक्त घालायचं, चोवीस तास."

आत्यानं घड्याळाची काच वाजवली, कान लावला. "टिकटिक करत न्हाई ह्ये."

"ते करत नाही. तुझी टिकटिक ऐकतं."

हे आत्याला पटलेलं दिसलं. तिनं विचारलं, "गावात आनि कुनाकडं हाय का आसलं?"

"इथं? छे! फक्त तुझ्याकडे."

सचिन हे मोठ्या अभिमानानं म्हणाला. घड्याळाचं पुढं काय होणार हे त्या एका वाक्यानं ठरलं, हे त्या बिचाऱ्याला कळलं नाही. गावात एकच असलेली वस्तू आपल्याच अंगावर घालून हिंडायचं, म्हणजे लग्नाचं पातेलं आपल्या एकटीच्या भाकरीसाठी चुलीवर ठेवायचं. दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्यानं ऑइलपेंटचा डबा उघडला आणि घड्याळाच्या पट्ट्यावर लाल ठिपका दिला. पुढच्या वेळी सचिननं तो बघितला, तेव्हा म्हणाली, "देवाचं कुंकू सांडलं."

आणि घड्याळ गावात फिरायला लागलं. पहाटे दूधवाल्याकडं, दुपारी आवणीच्या बायकांकडं, संध्याकाळी ज्याचा नंबर असेल त्याच्याकडं. नियम भांड्यांचेच. मोजून न्यायचं म्हणजे काय हे एकाच घड्याळाच्या बाबतीत कुणाला कळलं नाही, पण आत्या "एक" असं मोठ्यानं म्हणूनच ते द्यायची. गावानं त्या यंत्राचा आपापल्या परीनं उपयोग करून घेतला. सरपंचांचे ठोके अठ्ठावन्न आले आणि विरोधी पार्टीच्या माणसाचे ब्याण्णव, तर सरपंचांनी ते भर ग्रामसभेत वाचून दाखवलं. विरोधकानं फेरमोजणी मागितली, तीसुद्धा ग्रामपंचायतीचा जिना न चढता. एका मुलीच्या बापानं बघायला आलेल्या मुलाला चहाच्या आधी घड्याळ चढवलं. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली आणि त्याचे ठोके एकशे चौदावर गेले. बापाला ते चांगलं लक्षण वाटलं, आईला वाईट. त्यावरून त्या घरात चार दिवस अबोला होता.

टेकडीवर फार्महाऊस बांधलेल्या पुण्याच्या एक बाई हातात असलंच घड्याळ घालून गावातून भराभर चालायच्या आणि पावलं कमी भरली की आपल्याच गेटपाशी गोल गोल फिरायच्या. आत्या त्यांच्याकडं दयेनं बघायची. "बिचारीला कुटं जायाचंच न्हाई," म्हणायची.

तिकडं हिंजवडीत ही सगळी माणसं एकट्या आत्याच्या नावावर जमा होत होती. सचिनचा एकदा घाबराघुबरा फोन आला, "आत्या, तू काल अर्धा तास पोहलीस?" त्या दिवशी घड्याळ वायरमनकडं होतं आणि तो कासारसाईच्या धरणात डुंबून आला होता. "जरा पान्यात उतरले हुते," आत्या म्हणाली. सचिनच्या कंपनीत घरच्या वडीलधाऱ्यांसाठी चालायची स्पर्धा निघाली. त्यात चार मनगटांवरून फिरणाऱ्या आत्याचा दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून एक टी-शर्ट मिळाला, तो तिनं भांडी पुसायला घेतला. "माझी आत्या म्हणजे फिटनेस आयकॉन," असं सचिन सगळ्यांना सांगत सुटला होता.

मी एकदा धीर करून म्हणालो, "आत्या, त्याला खरं काय ते सांगून टाका."

"नगं गुर्जी. त्यानं जीव लावून आनलंय. त्याला वाईट वाटंल."

आणि मग एका गुरुवारी दुपारी साडेतीनला सचिनच्या फोनवर तो अलर्ट आला. आत्याच्या हृदयाचे ठोके अनियमित. त्यानं तिला फोन केला, "अजिबात हलू नकोस, पडून राहा, मी निघालो." पडून राहायला सांगितलेली आत्या पदर खोचून पळत गफूरभाईंच्या दुकानात गेली, कारण घड्याळ तिथं होतं. गफूरभाईंनी गडबडीनं ते गल्ल्याशेजारून उचलून दिलं. धोंडूतात्या नेहमीप्रमाणं तांदळाच्या पोत्यावर पत्ते हातात धरून बसला होता, आत्या आली म्हणून तोंड फिरवून. सचिन गाडीतून उतरला तेव्हा आत्या खाटेवर शहाण्यासारखी पडली होती, घड्याळ मनगटावर आणि धाप लागलेली. ती धाप बघून सचिनचं तोंड पांढरं पडलं.

मी शाळेतून नुकताच आलो होतो. त्यानं मलाही सोबत घेतलं. पुण्यातल्या हॉस्पिटलात हृदयाचा आलेख काढला, तो अगदी स्वच्छ निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे समजावून सांगणाऱ्या. "आजी, हे येतं आणि जातं. आत्ता सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं."

"आनि आसलं तर काय हुतं?"

"हृदयाचा वरचा कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. तिथं रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. वेळेत कळलं तर गोळ्या आहेत."

लकवा आत्याला ठाऊक होता. तिचे वडील आठ वर्षं एका कुशीवर पडून होते आणि ती आठही वर्षं तिनंच त्यांना चमच्यानं भरवलं होतं. तिनं विचारलं, "मंग ज्याला हाय त्यानं लगेच यायाला पायजे, न्हाई का?"

"तुम्ही आला आहात की."

"माझं न्हाई म्हनत मी."

डॉक्टरीणबाईंनी सचिनकडं पाहिलं, सचिननं माझ्याकडं, आणि मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं. शेवटी आत्याच्या छातीवर सात दिवसांसाठी एक नोंदी घेणारी पट्टी चिकटवली. परतताना गाडीत ती माझ्या कानाशी लागली. "गुर्जी, त्या येळंला घड्याळ माझ्या हातात न्हवतं." मला ते ठाऊकच होतं. पण दुसऱ्याच्या दुखण्याची पट्टी छातीवर घेऊन बसलेली बाई मी पहिल्यांदाच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं गफूरभाईंना घड्याळ बांधलं आणि दोन दिवस काढू दिलं नाही. गफूरभाईंचे ठोके शाळेच्या घंटेइतके नेमाचे निघाले. आत्या खट्टू झाली. "गफूरचंच निघावं आसं लई वाटत हुतं," असं ती मला म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. खरं म्हणजे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गुरुवारी घड्याळ हातात आलं तेव्हा पट्ट्याला शेवटच्या भोकाशी नवी चुणी पडलेली होती आणि ठिपक्याच्या कडेला चुना लागला होता. गफूरभाईंचं मनगट मुसळासारखं. त्यांना पहिलं भोकसुद्धा ओढून लावावं लागायचं.

ती दुकानात गेली. मी साबण घ्यायला आलो होतो.

"गफूर, तमाकू कवापासून खातुयास?"

"मी कुटं खातो आत्या?"

"मंग पट्ट्याला चुना कुनाचा?"

गफूरभाई साखर तोलत होते, ती त्यांनी तूरडाळीच्या पिशवीत ओतली. "आत्या, मला त्यानं शपथ घातलीया."

"म्या नाव इचारलंच न्हाई," आत्या म्हणाली आणि बाहेर पडली.

नावाची गरजच नव्हती. पातळ मनगटाचा, चुना-तंबाखू मळणारा आणि रोज दुपारी त्या पोत्यावर बसणारा माणूस गावात एकच होता. सगळ्या गावानं घातलं आणि आपणच राहिलो, म्हणून त्यानं पत्ते खेळता खेळता तासाभरासाठी मित्राच्या हातातलं काढून घातलं होतं.

तात्याला समजवायला आत्यानं मला पाठवलं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. अधूनमधून छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं, हेही कबूल केलं. पण दवाखान्याला नाही म्हणाला. "गुर्जी, बारा वर्सं मी तिच्या चमच्याला हात लावला न्हाई. आता घड्याळ घातलं म्हनू? म्हंजे ती उद्या म्हनंल, घड्याळ गुपचूप घातलं, तसं झाकनबी ह्यानंच दाबलं."

"अहो, पण लकवा मारला तर?"

"मारंल. पन झाकन म्या दिलंय."

निवडणुका, जमिनी, आमच्या खोऱ्यातले मोठमोठे तंटे कुणी ना कुणी मिटवले आहेत. पण खरं बोलणाऱ्या माणसाला त्याच्या खरेपणातून बाहेर काढायचं कसं, हे मला शिक्षक होऊनही कळलं नाही.

मी येऊन आत्याला सांगितलं. त्यानंतर चार दिवस तिनं काहीच वाजवलं नाही. एका घरून परात आली ती तिनं पालथीसुद्धा केली नाही, नुसती आत ठेवली. पाचव्या दिवशी सकाळी भांड्यांच्या खोलीतून मोठा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तो आत्या दारात उभी, केसांना जळमटं लागलेली, आणि दोन्ही हातांत ते भलंमोठं झाकण.

"आत्या, हे तर..."

"भाताच्या कनगीच्या मागं पडलं हुतं."

"आत्ता सापडलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "चार वर्सं झाली घावून."

"मग सांगितलं का नाही?"

"कोन्या तोंडानं सांगू, गुर्जी?" ती म्हणाली. तिचा आवाज कापताना मी तेव्हाच एकदा ऐकला. मला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिचे पाय धरावेसे वाटले.

एवढं मोठं झाकण पदराखाली झाकण्यासारखं नव्हतं. ती ते उघड घेऊन भर रस्त्यानं निघाली. टाकीवरच्या बायकांचे हंडे भरून वाहायला लागले तरी कुणाचं लक्ष नव्हतं. गफूरभाई दुकान उघडं टाकून मागोमाग आले. तात्या ओसरीवर होता. आत्यानं झाकण त्याच्या उंबऱ्यावर पालथं ठेवलं, लाल ठिपका वर.

"तू आनलं हुतंस. चुकी माझी हाय."

तात्या खाली वाकला. बोट दुमडून त्यानं झाकण वाजवलं, कान लावला आणि जमलेल्या सगळ्या गावाला सांगितलं, "ह्येच त्ये."

आत्यानं कनवटीचं घड्याळ काढलं. "आता हात पालथा कर."

आणि त्यानं केला.

पुढं सगळं रीतसर झालं. त्याच डॉक्टरीणबाईंनी तात्याच्या छातीला पट्टी लावली आणि जे आत्यात सापडत नव्हतं ते तिथं दोनच दिवसांत सापडलं. रक्त पातळ राहायच्या गोळ्या सुरू झाल्या. सचिनला अर्थातच सगळं सांगावं लागलं. तो आधी रागावला, मग रडवेला झाला. "आत्या, मी ते तुझ्यासाठी आणलं होतं गं!"

"माझ्यासाटी आनलं म्हंजी माझं ना? मंग कुनाला द्यायाचं ते मी ठरवनार."

घड्याळ तात्याकडं राहिलं, पण उसनं. दर रविवारी दहाला घासूनपुसून आणून दाखवायचं. इतक्या वर्षांत दोघांची बोलायची सवय मोडली होती, आणि ओसरीवर जे बोलायचं ते बोलून झालं होतं. मग मध्ये मी. "गुर्जी, त्येला सांगा, पट्ट्याला मळ हाय." "गुर्जी, तिला सांगा, त्यो मळ न्हाई, रंग हाय." "गोळी घेतली का इचारा." "घेतली म्हनावं." दोघं दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे, तरी एकाचं बोलणं दुसऱ्याला मी पुन्हा सांगायचो. सचिननं त्या यंत्रावरचं नाव बदलायचं म्हटलं, तर आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे माझं. कुनाकडून न्हेलं ते त्येला ध्यानात ऱ्हायला पायजे."

अशी दोन वर्षं गेली. मला ती शेवटची दिसली ती एका शुक्रवारी, शाळेला निघताना. बारशाची पातेली परत आली होती. पायरीवर बसून ती एकेक वाजवत होती आणि भांडी घेऊन आलेल्या त्या घरच्या नव्या सुनेला सांगत होती, "फुटकं भांडं भांडत न्हाई पोरी, नुसतं गप बसतं. म्हनून वाजवायचं." मला बघून तिनं मान हलवली. दुपारी जेवून ती आडवी झाली आणि उठली नाही.

कशानं गेली ते कुणी तपासलं नाही. सचिननं मला एकदाच विचारलं, "गुरुजी, ते तिच्या हातात असतं तर?" मला माहीत नव्हतं, तसंच मी त्याला सांगितलं. आजही माहीत नाही.

दहावं झालं, तिच्याच भांड्यांत शिजलं. किल्ली कुणाकडं द्यायची यावर ग्रामपंचायतीनं समिती नेमली आणि खोलीला कुलूप लागलं. त्यानंतरच्या रविवारी मी खोलीत वाचत पडलो होतो. सचिनचा मेसेज आला. त्याच्या फोनच्या पडद्याचा फोटो होता. वर "आत्या" असं लिहिलेलं आणि खाली एकशे सहा. "गुरुजी, ठोके एकदम वाढलेत. घड्याळ कुठं आहे बघता का?"

दहा वाजले होते. मी खिडकीतून पाहिलं. धोंडूतात्या धुतलेला सदरा घालून भांड्यांच्या खोलीसमोर उभा होता. त्यानं हात पुढं केला, कुलपासमोर पालथा धरला आणि आत्याला पट्टा तपासायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ तसाच उभा राहिला. मग माझ्या खिडकीकडं वळून म्हणाला, "गुर्जी, तिला सांगा, गोळी घेतली."

मी सचिनला लिहिलं, "आत्याच्या दारात आहे."